कधी न उघडलेले दुकान बंद करण्याबाबत

परमारभाईंनी खरेदीखताला चिकटवलेल्या फोटोवर पेन्सिलीचे टोक टेकवले.

"साहेब, आ शुं छे?"

"घर आहे," मी म्हणालो.

"घर तो छे ज. पण आ?"

पेन्सिल जिथे टेकली होती तिथे, घराच्या ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुजरातीत लाल अक्षरे होती. भव्य शोरूम. सोने, चांदी, हिरे. जुने द्या, नवे न्या.

"तो बॅनर आहे. गणपतीतला."

"आणि ही लाइन?"

"आरतीची."

"आणि हे भाई टेबल घेऊन बसलेत, पावतीबुक घेऊन?"

"ते वर्गणी घेत आहेत."

परमारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. "साहेब, तुम्ही सांगता म्हणून मी मानतो. पण फोटामां तो दुकान छे."

हे संभाषण गुजरातीत झाले. वाचकांच्या सोयीसाठी ते मी बहुतांशी मराठीत देत आहे. परमारभाई हे मुद्रांक शुल्काची तपासणी करणाऱ्या एका कचेरीतले वरिष्ठ कारकून. कचेरीचे नाव लिहीत नाही. तिच्याशी माझा पत्रव्यवहार पुष्कळ झाला आहे आणि तो तिच्या फायलीत सुरक्षित आहे.

मी बडोद्यात चाळीस वर्षांहून अधिक काळ घरांच्या आणि जमिनींच्या खरेदीखतांचे काम करतो. रावपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझे ऑफिस आहे. मला राग लवकर येतो हे मला मान्य आहे. पण तो मी तोंडाने काढत नाही, लिहून काढतो, आणि पोच घेतो.

प्रकरण समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. घर विकत घेणारा माणूस विकणाऱ्याला किंमत देतो, आणि त्याव्यतिरिक्त सरकारला एक कर देतो. त्याला मुद्रांक शुल्क म्हणतात, बोलण्यात स्टॅम्प ड्युटी. तुम्ही आपसांत ठरवलेल्या किमतीवर सरकारचा विश्वास नसतो. म्हणून प्रत्येक भागातला दर सरकारने आधीच ठरवून ठेवलेला असतो. त्या दरपत्रकाला आमच्याकडे जंत्री म्हणतात. जंत्रीत राहत्या घराचा दर वेगळा आणि दुकानाचा वेगळा. दुकानाचा अर्थातच चढा. शुल्क कमी भरले गेले असा संशय आला की कचेरी मूळ खरेदीखत रोखून ठेवते आणि नोटीस काढते. तशी नोटीस आम्हांला आली होती. राहते घर म्हणून शुल्क भरलेली मिळकत प्रत्यक्षात दागिन्यांचे शोरूम असल्याचे दिसून येते, सबब खुलासा करावा.

घर विकत होत्या सुलभाबाई कर्णिक. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. माझी मुलगी त्यांच्या हाताखालून गेली, निम्मा रावपुरा गेला, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. घर दोन मजली, अरुंद, गल्लीच्या चौकाकडे तोंड करून उभे. न्हाणीघर खाली, स्वयंपाकघर वर, मधे सतरा पायऱ्यांचा उभा जिना. बाईंच्या गुडघ्यांनी त्या पायऱ्यांना दोन वर्षांपूर्वीच नकार दिला होता. अंघोळ झाली की त्या तिसऱ्या पायरीवर बसत, मग नवव्या, आणि चहा प्यायला वर पोहोचेपर्यंत त्यांना पुन्हा घाम आलेला असे. बडोद्यातच अकोट्याला एक फ्लॅट त्यांनी ठरवला होता. लिफ्ट होती, सगळे एका पातळीवर होते. फ्लॅटचे मालक पटेलभाई भले गृहस्थ. "बेन, धनतेरस सुधी राह जोईश," एवढे त्यांनी सांगितले होते. धनत्रयोदशीपर्यंत थांबेन. त्यानंतर दुसरे गिऱ्हाईक तयार होते.

घर घेत होते प्रमोद खैरनार. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी, मूळचे जळगावकडचे, सोबत पत्नी मनीषा आणि दोन मुले. बँकेने घरकर्ज मंजूर केले होते, पण नोंदलेले मूळ खरेदीखत हातात पडल्याशिवाय बँक चेक सोडणार नव्हती. चेक सुटल्याशिवाय बाई अकोट्याला जाणार नव्हत्या. खरेदीखत परमारभाईंच्या कपाटात होते.

आता फोटोबद्दल. खरेदीखताला मिळकतीचा फोटो लावावा लागतो आणि त्यावर दोन्ही पक्षांनी सही करायची असते. खैरनारांनी घर पहिल्यांदा पाहिले तेव्हाच एक सुंदर फोटो काढला होता. रिकामा ओटा, दार, दोन खिडक्या, कोपऱ्यात तुळस. तो फोटो मी नाकारला. माझ्या ऑफिसचा नियम आहे की फोटो दस्त नोंदवण्याच्या आठवड्यातला हवा. कायद्यात असे कुठेही म्हटलेले नाही. पण पूर्वी एका अशिलाने जो मजला पाडला होता त्याच्यासकट फोटो लावला होता, आणि त्यापायी मी तीन वर्षे पत्रे लिहिली होती. तेव्हापासून हा नियम आहे. बाईंना सही पितृपक्षाच्या आधी हवी होती, कारण पितृपक्षात घराचा व्यवहार त्या करणार नव्हत्या. म्हणून नोंदणीचा आठवडा गणपतीचा निघाला.

बाईंच्या गल्लीतले मंडळ दर वर्षी मांडव त्यांच्या दारासमोर घालते. वीज बाईंच्या घरातून जाते, खुर्च्या त्यांच्या ओट्यावर रचतात, आणि जो मोठी देणगी देईल त्याचा बॅनर त्यांच्या कठड्याला बांधतात. त्या वर्षी देणगी एका सराफाची होती. खैरनार बिचारे ड्यूटी संपवून आरतीच्या वेळी पोहोचले आणि त्यांनी फोटो काढला. बाईंनी त्यावर सही केली, खैरनारांनी केली, मी तपासला. आम्हां तिघांपैकी कोणालाही त्यात दुकान दिसले नाही, कारण तिथे काय आहे हे आम्हां तिघांनाही माहीत होते.

नोटिशीला उत्तर मी त्याच दिवशी लिहायला घेतले. चौदा मुद्दे झाले. पहिल्या मुद्द्यात बॅनर आणि दुकान यांतला भेद स्पष्ट केला. दुसऱ्यात उत्सवाची परंपरा सांगितली. पाचव्यात असे दाखवून दिले की ज्या घरात बॅनर दाराला आडवा लावलेला आहे त्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाला वाकून शिरावे लागेल. आठव्यात कचेरीच्या निरीक्षणशक्तीविषयी काही लिहिले होते, ते नंतर सौम्य केले. आणि नववा मुद्दा लिहिला.

नवव्या मुद्द्यासाठी आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. वकील आधी आरोप नाकारतो. मग तो म्हणतो की, मान्य न करता, केवळ वादापुरते गृहीत धरले तरी, अमुक. म्हणजे माझ्या अशिलाने भिंत बांधली नाही, आणि बांधली असे वादापुरते गृहीत धरले तरी ती एकच वीट उंच आहे. न्यायाधीशाने पहिला दरवाजा लावला तर दुसरा उघडा असावा, एवढाच हेतू. ही पद्धत मला माझ्या वरिष्ठांनी शिकवली आणि चाळीस वर्षांत मी तिच्याशिवाय एकही पत्र लिहिलेले नाही. म्हणून नववा मुद्दा असा होता: 'मान्य न करता, केवळ वादापुरते, सदर मिळकतीत दुकान आहे असे गृहीत धरले तरी, दुकानाचा भाग हा ओट्यापुरता, म्हणजे बारा फूट बाय आठ फूट एवढाच राहील व उर्वरित मिळकतीस राहत्या घराचाच दर लागेल.'

पत्र पाठवण्याआधी मी ते बाईंना दाखवायला नेले. त्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी चौदा मुद्दे वाचले आणि लाल पेन्सिल मागितली.

"नववा खोडा," त्या म्हणाल्या.

"बाई, तो कायद्याच्या पद्धतीचा भाग आहे."

"दुकान आहे का?"

"नाही."

"मग नाही म्हटलं की झालं. बारा बाय आठ कशाला?"

"समजा त्यांनी ऐकलंच नाही, तर..."

"समजा कशाला म्हणायचं ते मला माहीत आहे, गुप्ते. मी बीजगणित शिकवलंय."

मी नववा मुद्दा खोडला नाही.

दहा दिवसांनी सुनावणी झाली. डेप्युटी कलेक्टर मॅडम तरुण होत्या, अतिशय सभ्य होत्या, आणि त्यांनी माझे पत्र वाचलेले होते. शेवटची गोष्ट इतकी दुर्मीळ आहे की मी मनोमन सुखावलो.

"वकीलसाहेब, तुमचं म्हणणं मी मान्य केलं आहे," मॅडम म्हणाल्या.

मी आभार मानले.

"आधी आमच्या कचेरीनं अख्खा तळमजला दुकान धरला होता. ते चूक आहे. तुमच्या मुद्दा नऊप्रमाणे दुकान फक्त ओट्यावर आहे. बारा बाय आठ."

"मॅडम, ते वादापुरतं गृहीत धरलेलं आहे. पहिले आठ मुद्दे दुकान नाही असं सांगतात."

"पण माप नवव्यात आहे. जे नाही त्याचं माप कसं घेतलंत?"

"ते ओट्याचं माप आहे."

मॅडमनी कागद माझ्याकडे वळवला. "इथे 'दुकानाचा भाग' असं लिहिलंय. खाली सही तुमची आहे ना?"

सही माझीच होती. चाळीस वर्षांत एखाद्या सरकारी कचेरीने माझा एखादा मुद्दा पूर्णपणे मान्य केल्याचे मला आठवत नाही. मान्य केला तो हा.

बाहेर खैरनार उभे होते. त्यांना मी फरकाची रक्कम सांगितली. ओटा लहान, त्यामुळे ती फार नव्हती.

"साहेब, भरून टाकतो ना मग," ते म्हणाले. "मी हप्त्याने फ्रिज आणला असं समजेन."

"मुळीच नाही," मी म्हणालो. "एका नसलेल्या दुकानाचा कर?"

त्यांनी माझ्या नकळत दुसऱ्याच दिवशी बँकेला विचारले. बँकेचे उत्तर वाचून त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. मंजूर झालेले कर्ज राहत्या घरासाठी होते. मिळकतीत दुकान असल्याची सरकारी नोंद झाली, मग ते ओट्याएवढे का असेना, तर त्या योजनेत ते कर्ज देता येणार नव्हते. म्हणजे पैसे भरून दुकान मान्य करण्याचा मार्गही बंद झाला.

त्याच आठवड्यात बाईंना आणखी एक पत्र आले. पहिल्या कचेरीने सुनावणीच्या टिपणाची प्रत शिष्टाचार म्हणून दुकानांची नोंदणी करणाऱ्या दुसऱ्या कचेरीला पाठवली होती. त्या कचेरीने विचारले होते की आपल्या ओट्यावरील दुकान नोंदणीशिवाय कसे चालू आहे, कामगार किती आहेत, आणि साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते.

"सोमवार लिहा," बाई म्हणाल्या. "सोमवारी माझा उपास असतो."

"बाई, ही थट्टेची गोष्ट नाही."

"मग मला दुसरी कोणती उरलीय ते सांगा. सामान बांधून झालंय. कढई कुठल्या खोक्यात आहे ते मला माहीत नाही. पंधरा दिवस मी पातेल्यात फोडणी करतेय."

मी सराफाकडे गेलो. त्यांची खरी पेढी मांडवीच्या बाजूला आहे. माझी अपेक्षा साधी होती. सदर ओट्यावर आमची शाखा नाही, एवढे त्यांनी लेटरहेडवर लिहून द्यावे. त्यांनी मला गादीवर बसवले, थंड पाणी दिले, सगळे ऐकून घेतले.

"साहेब, धनतेरस तोंडावर आहे," ते म्हणाले. "आमची अमुक ठिकाणी शाखा नाही, असा कागद माझ्या सहीनं बाजारात फिरला तर लोक काय म्हणतील? शाखा होती ती बंद पडली. माझा धंदा बसेल."

"कागद बाजारात फिरणार नाही. फायलीत जाणार."

"फायलीतला कागद सर्वांत आधी फिरतो." मग त्यांनी आवाज उतरवला. "जागा मोक्याची आहे पण. ओटा भाड्यानं द्यायचा आहे का?"

मी पाणी तसेच ठेवून उठलो.

नवरात्रात या शहरात कोणतेही काम होत नाही. गरब्यावरून पहाटे परतलेली माणसे दहा वाजता टेबलाशी बसतात एवढेच. ते नऊ दिवस मी चार पत्रे लिहिली आणि चारांच्याही पोचा घेतल्या. त्यांतल्या एका पत्रात मी प्रत्यक्ष जागेची पाहणी करण्याची मागणी केली होती. दसऱ्यानंतरच्या बुधवारी परमारभाई फॉर्म आणि टेप घेऊन खरोखरच आले.

मी आनंदलो होतो. बॅनर कधीच उतरला होता. मांडव नव्हता. ओटा झाडून स्वच्छ केलेला होता आणि त्यावर एक मांजर झोपले होते. खैरनारांनी रजा काढली होती. बाईंनी चहा आणि चिवडा काढला. परमारभाईंनी चपला काढल्या आणि ओट्यावर चढून, मांजराला वळसा घालून माप घेतले.

"बारा बाय आठ," ते समाधानाने म्हणाले. "तुमचं माप अगदी बरोबर आहे, साहेब."

"दुकान दिसतंय का?"

"नाही."

"शटर? कुलूप? काउंटर? सोन्याचा कण?"

"काही नाही."

"मग तसं लिहा."

परमारभाईंनी फॉर्म माझ्यासमोर धरला. त्यात 'दुकानाची स्थिती' असे शीर्षक होते आणि त्याखाली दोन चौकोन होते. एकापुढे 'चालू', दुसऱ्यापुढे 'बंद'.

"तिसरा चौकोन?"

"त्रीजुं खानुं नथी, साहेब."

"मग दोन्ही रिकामे ठेवा."

"रिकामा फॉर्म कॉम्प्युटर घेत नाही."

त्यांनी नीट विचार केला. मला त्यांच्याविषयी एवढे म्हणावेच लागेल की त्यांनी विचार केला. मग त्यांनी 'बंद'च्या चौकोनात टिक केली.

"परमारभाई, बंद असायला आधी ते असावं लागतं. तुम्हांला इथे दुकान दिसत नाही असं तुम्हीच आत्ता म्हणालात."

"बंध छे एटले ज नथी देखाती," परमारभाई म्हणाले. बंद आहे, म्हणूनच तर दिसत नाही.

खैरनार हसू दाबण्यासाठी घरात गेले. मला हसू आले नाही. मी विचारले की 'बंद' या नोंदीला दर कोणता लागतो. परमारभाईंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. नुसते बंद म्हणजे आज बंद, उद्या उघडू शकते. म्हणून दर दुकानाचाच. मात्र मालकाने स्वतःहून कायमचे बंद केल्याचा अर्ज दिला, आणि खरेदीखताच्या दिवशीही ते बंद होते असे त्यात लिहिले, तर दर घराचा. बँकेलाही तशी नोंद चालते. छापील अर्ज त्यांनी बरोबर आणलाच होता.

"अरजी आपी दो, साहेब. मॅडम बे दिवसमां पतावी देशे." अर्ज देऊन टाका, मॅडम दोन दिवसांत मिटवतील.

"जे उघडलंच नाही ते बंद केलं असं मी लिहून देणार नाही," मी म्हणालो. "मी हायकोर्टात जाईन."

परमारभाईंनी फॉर्मची घडी घातली. "जाओ साहेब. पण तिकडे तारीख दिवाळीनंतरची मिळेल."

त्या दिवशी ऑफिसात परतून मी याचिकेचा मसुदा लिहायला बसलो. तीन दिवसांत एकतीस पाने झाली. चौकोनांच्या अपुरेपणावरच सहा पाने होती. माझ्या मते आजवर लिहिलेल्या मसुद्यांत तो सर्वांत चांगला होता. तो घेऊन मी बाईंकडे गेलो. धनत्रयोदशीला आठ दिवस उरले होते.

बाई त्या दिवशी तिसऱ्या पायरीवर नव्हत्या. नवव्यावर होत्या, आणि तिथून त्यांना वरही जाता येत नव्हते आणि खालीही उतरता येत नव्हते. गुडघा अडकला होता. किती वेळ बसल्या होत्या ते त्यांनी सांगितले नाही. दार उघडेच होते. मी वर चढलो, त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो, आणि काय बोलावे ते न सुचल्यामुळे एकतीस पाने त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पाने चाळली. पेन्सिल मागितली नाही.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही जिंकाल. कधी?"

"एक वर्ष. दोन."

"दोन वर्षं मी या जिन्यावर काढू?"

"बाई, प्रश्न तत्त्वाचा आहे. दुकान कधी नव्हतंच."

"गुप्ते, मुलांना मी सांगायचे, समजा क्ष. मग क्ष घेऊन ती गणित सोडवायची. शेवटी क्ष काढून टाकायचा. एखादा मुलगा म्हणायचा, बाई, क्ष खरा नव्हताच, मी कशाला काढू? त्याला मी काय सांगत असेन?"

मी एकतीस पाने त्यांच्या हातातून परत घेतली.

"समजा म्हणून तो तुम्हीच घेतलात. आता तुम्हीच काढा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि आधी मला खाली न्या."

सतरापैकी नऊ पायऱ्या उतरायला आम्हांला पाव तास लागला. दर पायरीला त्या थांबत होत्या आणि मी आधीच्या पायरीवर काय म्हणालो होतो ते आठवत होतो. खाली पोहोचल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि मला पाणी आणायला सांगितले.

खोटे मी लिहून देऊ शकत नव्हतो. ते माझ्या अशिलाच्या सहीचे असते आणि माझ्या हातचे असते. त्यामुळे दुकान होते असे म्हणायचे नाही. दुकान नव्हते असे म्हटले तर कॉम्प्युटर घेणार नाही. या दोन भिंतींच्या मधून जाणारी वाक्ये शोधायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. चौदा मुद्द्यांना त्याच्या निम्मा लागला होता. अर्ज झाला तो असा: 'सदर मिळकतीच्या ओट्यावर खरेदीखताच्या दिवशी कोणतेही दुकान चालू नव्हते. आजही चालू नाही. अर्जदार तेथे दुकान चालवणार नाहीत.' तीन वाक्ये, तिन्ही खरी. विषयाच्या ओळीत मी 'ओट्याबाबत' एवढेच लिहिले. मान्य न करता गृहीत धरणारे वाक्य हाताला सवयीने सुचले होते. ते मी लिहिले नाही.

परमारभाईंनी अर्ज घेतला, त्यावर आपला छापील फॉर्म टाचला, आणि मॅडमसमोर ठेवला. फॉर्मवर ठळक अक्षरांत 'दुकान बंद केल्याची अर्जी' असे होते. तो मी भरलेला नव्हता, त्यामुळे मी भिंतीकडे पाहिले.

मॅडमनी तीन वाक्ये दोनदा वाचली.

"वकीलसाहेब, दुकान होतं की नाही, हे यात कुठेच नाही."

"नाही."

"माप पण नाही."

"नाही."

"हे असंच पहिल्या दिवशी दिलं असतंत तर?"

"त्या दिवशी मला पुष्कळ काही सांगायचं होतं," मी म्हणालो.

मॅडमनी सही केली. परमारभाई मला दारापर्यंत सोडायला आले आणि हात जोडून म्हणाले, "अभिनंदन साहेब. धंदा बंध करवो सहेलो नथी." धंदा बंद करणे सोपे नसते. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेची छटाही नव्हती.

खरेदीखत धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी सुटले. बँकेने चेक दिला. पटेलभाईंनी किल्ली दिली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि खैरनारांच्या मुलांना म्हणाल्या की पाढे ऐकायला त्या रविवारी येतील, मात्र खालीच बसतील. खैरनार मंडळी दिवाळीच्या पाडव्याला राहायला आली.

प्रकरण इथे संपायला हवे होते. दीड महिन्याने खैरनार एक पत्र घेऊन माझ्या ऑफिसचा जिना चढून आले. दुकानांची नोंदणी करणाऱ्या त्या दुसऱ्या कचेरीचे होते. आपले दुकान बंद झाल्याची नोंद घेतली आहे, तरी दुकानाच्या नोंदणीचा मूळ दाखला सात दिवसांत परत करावा.

"साहेब, आता?"

माझ्या डोक्यात मुद्दे आपोआप लागत गेले. नवव्याशी मी थांबलो. कोरा कागद घेतला आणि लिहिले: 'दाखला आमच्याकडे नाही.' सही खैरनारांची घेतली. त्यावर त्या कचेरीचे आजतागायत उत्तर नाही.

घर विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, खरेदीखताला लावायचा फोटो अशा माणसाला दाखवून घ्यावा ज्याने ते घर कधी पाहिलेले नाही. दोन, सरकारी कचेरीला उत्तर देताना, मग तुमचा वकील कितीही आग्रह धरो, जे आपल्याकडे नाही त्याचे माप देऊ नये.